डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फळे-भाज्या : दवाखान्यात असा उपक्रम उभारताना

‘फळे-भाज्या जास्त खा’ असे सांगणारे डॉक्टर पुष्कळ असतात. त्या विकत घेण्याची सोयही करून देणारे थोडे. फळे-भाज्यांची चिठ्ठी देणारे उपक्रम या दुसऱ्या प्रकारात मोडतात. डॉक्टर, परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ रुग्णाची प्रकृती आणि घरची परिस्थिती पाहून चिठ्ठी लिहितात, आणि ती दाखवून रुग्णाला ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या रकमेपर्यंत फळे-भाज्या मोफत किंवा सवलतीत मिळतात. पैसे तिसराच कोणी भरतो : सरकारी योजना, विमा कंपनी, रुग्णालयाचा धर्मादाय निधी किंवा एखादी सेवाभावी संस्था.

आपल्या दवाखान्यात किंवा रुग्णालयात असे काही सुरू करावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. चिठ्ठी लिहिणे हा या साऱ्यातला सर्वांत सोपा भाग होय, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. ती विक्रेत्याच्या काट्यापाशी विनासायास वटली पाहिजे, आणि तेथे पोहोचण्यासाठी रुग्णाला वेगळा हेलपाटा पडता कामा नये. आखणी डॉक्टरांच्या टेबलापासून सुरू करून विक्रेत्यापर्यंत नेण्याचा मोह होतो. माझ्या मते ती उलट दिशेने करावी.

पैसा कोणाचा, हे आधी ठरवावे

निधी देणाऱ्याचे नियमच पुढे कोणाला, काय आणि किती दिवस द्यायचे हे ठरवतात. म्हणून हा प्रश्न नंतरवर ढकलू नये. तो नवाही नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात माउंड बायू येथे डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्र चालवले, तेव्हा तपासायला येणाऱ्या कित्येक मुलांचे मूळ दुखणे उपासमार हेच होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर अन्नपदार्थ लिहायला सुरुवात केली, गावातले किराणा दुकानदार ते देऊ लागले आणि बिल केंद्राच्या औषधांच्या खात्यावर पडू लागले. औषधांचा पैसा अन्नावर कसा खर्च केला, अशी विचारणा वरून झाली, तेव्हा कुपोषणावर वैद्यकाच्या पुस्तकात सांगितलेला उपचार अन्न हाच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. उत्तर बिनतोड होते, पण बिल कोणत्या खात्यावर टाकायचे हा वाद आजही प्रत्येक उपक्रमात कधी ना कधी निघतोच.

आजच्या स्वरूपाचे उपक्रम अमेरिकेत ‘होलसम वेव्ह’ या संस्थेने २०१० पासून रुजवले. पुढे २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने गस शूमाकर यांच्या नावाच्या पोषण प्रोत्साहन योजनेतून अशा चिठ्ठ्यांसाठी केंद्रीय अनुदानाची वाट खुली केली. या अनुदानाच्या अटी वाचण्यासारख्या आहेत : लाभार्थी अल्प उत्पन्न गटातील असावा, त्याला आहाराशी निगडित आजार असावा किंवा तो होण्याचा धोका असावा, फळे-भाज्या ताज्या असाव्यात आणि अर्जदाराबरोबर एखादी आरोग्यसेवा संस्था असावी. आता समजा, तुमच्याकडचे बरेच रुग्ण आठवड्यातून एकदाच बाजारात जाऊ शकतात आणि त्यांच्यासाठी गोठवलेली भाजी अधिक सोयीची आहे. ‘ताजीच’ अशी अट असलेला निधी त्यांच्या उपयोगाचा नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या रुग्णांची खरी अडचण आणि निधीच्या अटी समोरासमोर ठेवून पाहाव्यात. अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीच्या मेडिकेड या अमेरिकेतील सरकारी विम्यातूनही तेथील काही राज्यांनी हा खर्च केला आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०२२ मध्ये तसा प्रयोग सुरू झाला. मात्र असा पैसा धोरण बदलले की आटतो. तेव्हा एकाच झऱ्यावर सगळा उपक्रम बेतू नये.

रुग्णाला मोफत वस्तू देण्याबाबत बहुतेक ठिकाणी कायदेशीर बंधने असतात, कारण भेटवस्तूंच्या आमिषाने रुग्ण ओढून घेण्याचे प्रकार होऊ शकतात. सुरुवातीसच कायद्याच्या जाणकाराकडून लेखी मत घ्यावे.

चिठ्ठी कोणाला द्यावी

दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : आहाराने फरक पडेल असा आजार, आणि घरात अन्नाची चणचण. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, लठ्ठपणा हे नेहमीचे निकष; काही उपक्रम गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनाही घेतात. आजार कागदपत्रांवरून कळतो. चणचण मात्र विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ती विचारणे नाजूक काम आहे.

यासाठी २०१० पासून दोन प्रश्नांची एक छोटी चाचणी प्रचारात आहे. तिचा आशय असा : गेल्या बारा महिन्यांत, पुन्हा सामान आणायला पैसे हाती येण्याआधीच घरातले अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणि आणलेले अन्न खरोखरच पुरले नाही, आणखी आणायला पैसे नव्हते, असे झाले का? उत्तरे तीनच : ‘बरेचदा’, ‘कधी कधी’, ‘कधीच नाही’. यांपैकी एका जरी प्रश्नाला पहिल्या दोनपैकी एक उत्तर आले, तरी त्या घरात अन्नाची असुरक्षितता असल्याचे धरतात.

प्रश्न चांगले असले तरी विचारण्याची पद्धत चुकली की उत्तर खोटे येते. भरलेल्या प्रतीक्षालयात, खिडकीपलीकडून, मोठ्या आवाजात ‘घरी खायला पुरतं का?’ असे विचारल्यावर होकार देणारा माणूस विरळा. प्रश्न छापील अर्जावर असावेत किंवा रक्तदाब मोजताना परिचारिकेने एकांतात विचारावेत. ‘आम्ही प्रत्येकालाच हे विचारतो’ हे वाक्य आधी म्हणावे, आणि ते खरेही असावे. कपड्यांवरून निवडून निवडून विचारले तर ज्यांना विचारले त्यांचा अपमान होतो आणि ज्यांना विचारले नाही त्यांच्यातले गरजू सुटतात. शिवाय होकार आल्यावर देण्यासारखे काही हाताशी नसेल, तर विचारूच नये. नाव नोंदवायला जागा उरली नसेल त्या काळात दुसऱ्या मदतीची माहिती तरी तयार ठेवावी.

रक्कम, मुदत आणि चिठ्ठीचा मजकूर

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या असाव्यात. बटाटा, रताळे यांसारखी पिष्टमय कंदमुळे त्यात धरलेली नाहीत. म्हणजे एका माणसाला महिन्याला सुमारे १२ किलो, आणि चौघांच्या घराला ४८ किलो. एवढे सगळे देणे फार थोड्या उपक्रमांना परवडते. पण हिशेब या आकड्यापासून सुरू करावा, म्हणजे आपण गरजेचा कितवा हिस्सा देत आहोत हे तरी स्वच्छ दिसते. चिठ्ठी एकाच्या नावाने निघाली तरी भाजी घरच्या एकाच भांड्यात शिजते. रक्कम एका माणसापुरती ठेवली, तर आई आपल्या वाटणीची फळे मुलांच्या ताटात वाढणार, आणि सहा महिन्यांनी तिची रक्तशर्करा जेथल्या तेथे दिसली की उपक्रमाला बोल लागणार. म्हणून रक्कम घरातील माणसांच्या संख्येवर ठरवावी. पैसे कमी असतील तर रुग्ण कमी घ्यावेत. अनेकांना थोडे थोडे वाटून कोणाचेच भागत नाही.

मुदत किमान सहा महिन्यांची असावी. मधुमेहात पाहिली जाणारी एचबीए१सी ही तपासणी मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे त्याहून आखूड मुदतीत बदल झाला तरी तो धड दिसत नाही.

चिठ्ठीचा मजकूर साधारण असा असावा : सर्वांत वर नोंदणी क्रमांक आणि मुदतीची शेवटची तारीख, मोठ्या अक्षरांत. त्याखाली ‘फळे आणि भाज्या, ताज्या किंवा गोठवलेल्या, मीठ-साखर न घातलेल्या, रस चालणार नाही’. मग दर आठवड्याची रक्कम आणि ती वापरता येईल अशा ठिकाणांची नावे, वारांसह. शेवटी रुग्णाने स्वतः ठरवलेले एखादे उद्दिष्ट, उदाहरणार्थ ‘रात्रीच्या जेवणात रोज एक भाजी जास्त’, आणि डॉक्टरांची सही. आजाराचे नाव या कागदावर कोठेही नको. भाजी तोलणाऱ्याला, किंवा मागे रांगेत उभ्या असलेल्या शेजाऱ्याला, रुग्णाला काय झाले आहे हे कळण्याचे काहीच कारण नाही. विक्रेत्याबरोबरच्या हिशेबातही नाव न वापरता क्रमांकच वापरावा.

डॉक्टरांची सही कशाला, असे व्यवस्थापक हमखास विचारतात. समाजसेवकाने वाटले तर काम लवकर होईल. होईलही. पण तीच गोष्ट डॉक्टरांनी उपचार म्हणून लिहिली की रुग्ण ती वेगळ्या गांभीर्याने घेतो, घरच्यांनाही दाखवतो, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारणे भाग पडते. दानाची भावना कमी होते, हा आणखी एक फायदा. फक्त डॉक्टरांचा वेळ एका मिनिटाहून जास्त जाणार नाही अशी व्यवस्था करावी : चाळणी परिचारिकेने करावी, छापील चिठ्ठी तयार असावी, समजावून सांगण्याचे काम आहारतज्ज्ञाने किंवा प्रशिक्षित कार्यकर्त्याने करावे.

काट्यापाशी काय घडते

वटवण्याच्या पद्धती चार. कागदी कुपन छापायला स्वस्त आणि कोणत्याही बाजारात चालणारे. पण हरवते, आणि मोजायला माणूस लागतो. रक्कम भरलेले कार्ड सुटसुटीत असते व हिशेब आपोआप राहतो. मात्र ते स्वीकारणारे यंत्र नसलेले छोटे विक्रेते आणि शेतकरी बाहेर पडतात. तयार पेटी घरपोच देता येते, त्यामुळे चालता न येणाऱ्या रुग्णांना ती उत्तम. पण त्यात निवड नसते, आणि जी भाजी घरात कोणी खात नाही ती सडते. चौथी पद्धत म्हणजे दवाखान्यातच भांडार उघडणे. पेनसिल्व्हेनियातील गायसिंगर या आरोग्यसंस्थेने २०१६ पासून शमोकिन येथे तसे केले. मधुमेही रुग्णाच्या पूर्ण घराला आठवड्याच्या दहा जेवणांचे सामान आणि जोडीला आहारतज्ज्ञाचा सल्ला, असे त्याचे स्वरूप होते. ते प्रभावी दिसते. पण शीतगृह, साठवण, नासाडी हे सगळे दवाखान्याच्या डोक्यावर येते. लहान दवाखान्याने त्या वाटेला जाऊ नये.

पद्धत कोणतीही असो, ती सुरू होण्याआधी उपक्रम चालवणाऱ्याने स्वतः एक चिठ्ठी घेऊन, ओळख न देता, रुग्णासारखे बाजारात जाऊन यावे. तेथे जे घडते त्याची कल्पना कागदावर येत नाही. गल्ल्यावरच्या मुलाला कुपन काय आहे हेच माहीत नसते. तो व्यवस्थापकाला हाक मारतो. व्यवस्थापक कुपन उलटसुलट करून पाहतो. मागची रांग चुळबुळू लागते. मग गोठवलेला वाटाणा चालतो पण त्याच थंड कपाटातला मसाला लावलेला चालत नाही, असे निघते, आणि सगळ्यांसमोर पिशवीतून एक वस्तू काढून ठेवावी लागते. एकदा असे झालेला रुग्ण पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकत नाही. नोंदवहीत मात्र ‘रुग्णाने चिठ्ठी वापरली नाही’ एवढेच उमटते, आणि त्यावरून कोणीतरी निष्कर्ष काढते की या लोकांना भाजी नकोच असते.

यावर उपाय साधे आहेत, पण ते दर महिन्याला पुन्हा पुन्हा करावे लागतात. गल्ल्यावरची माणसे बदलत राहतात, म्हणून एकदा दिलेले प्रशिक्षण पुरत नाही. गल्ल्याजवळ कुपनाचा नमुना आणि काय चालते, काय नाही याची सचित्र पाटी लावावी. चालणाऱ्या वस्तूंच्या फळीवर खूण चिकटवावी. कुपनांचे तुकडे लहान रकमेचे असावेत, म्हणजे सुट्या पैशांचा घोळ होत नाही आणि उरलेले वाया जात नाही. विक्रेत्यांचे पैसे ठरल्या तारखेला चुकते करावेत. छोटा विक्रेता उधारीवर दोन महिने थांबू शकत नाही, आणि थकबाकी वाढली की तो रुग्णाला ‘आज माल नाही’ असे सांगू लागतो. शक्य असेल तर दवाखान्याच्या आवारातच, तपासणीच्या दिवशी, भाजीविक्रेत्याला जागा द्यावी. एकाच खेपेत तपासणी, चिठ्ठी आणि भाजी हे जमले तर वटण्याचे प्रमाण वाढवायला दुसरे काही फारसे करावे लागत नाही.

कोणती चिठ्ठी कोणत्या आठवड्यात वटली नाही, हे पाहून त्या रुग्णाला फोन करावा. आवाजात जाब विचारण्याचा सूर नको. कामाच्या वेळा, बससाठी पैसे नसणे, शेगडी बिघडलेली असणे, दात नसल्याने फळ चावता न येणे अशी कारणे निघतात, आणि त्यांतली बरीच सोडवता येण्याजोगी असतात. पाककृतींचे वर्ग हा अनेकांचा आवडता जोड-कार्यक्रम असतो. ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी तो जरूर ठेवावा, पण त्याला हजर राहण्याची सक्ती करू नये. आयुष्यभर घर चालवलेल्या बाईला स्वयंपाक शिकवण्यापेक्षा तिच्या हातात भाजीचे पैसे देणे अधिक उपयोगाचे असते.

पथ्ये

भाजी निरुपद्रवी असते हा समज रुग्णांचा तसा डॉक्टरांचाही असतो. चिठ्ठी देण्यापूर्वी औषधांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावीच. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या आहारात पालकासारख्या जीवनसत्त्व ‘के’ भरपूर असलेल्या पालेभाज्या अचानक वाढल्या तर औषधाचा परिणाम घटतो. त्याने पालेभाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण आठवडोआठवडी सारखे ठेवायचे आणि सुरुवातीला रक्ताची तपासणी लवकर करायची. मूत्रपिंडाचा आजार बळावलेला असेल तर केळी, संत्री, टोमॅटो, बटाटा यांतले पोटॅशियम डोईजड होऊ शकते, आणि रक्तदाबाच्या काही औषधांनी ते आणखी वाढते. अशा रुग्णाची चिठ्ठी आहारतज्ज्ञाने वेगळी लिहावी. ग्रेपफ्रूट हे फळ सिम्वास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असलेल्या मधुमेही माणसाने भाताऐवजी भाजी वाढवली तर साखर एकदम उतरू शकते. तेव्हा मात्रा कमी करण्याची तयारी ठेवून त्याला लवकरची तारीख द्यावी.

परिणाम मोजताना

निधी देणारा आकडे मागणारच, आणि येथे थोडा प्रामाणिकपणा लागतो. अमेरिकेतील ९ उपक्रमांतल्या ३,८८१ जणांचा एकत्रित अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लाभार्थ्यांना महिन्याला मिळणाऱ्या रकमेचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६३ डॉलर होता. प्रौढांचे फळे-भाज्यांचे सेवन दिवसाला ०.८५ कपाने वाढले, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा ८ मिलिमीटरहून जास्त उतरला, आणि मधुमेहींची एचबीए१सी सुधारली. हे उत्साह वाढवणारे आहे; पण या अभ्यासात चिठ्ठी न मिळालेल्यांचा तुलनागट नव्हता.

त्याच वर्षी अखेरीस दुसरा अभ्यास आला. त्यात एचबीए१सी ८ टक्के किंवा त्याहून जास्त असलेले आणि अन्नाची चणचण असलेले मधुमेही सोडत काढून दोन गटांत विभागले होते. एका गटाला घरासाठी आठवड्याला दहा जेवणांचे सामान, आहारतज्ज्ञ, परिचारिका असे सर्व काही मिळाले. दुसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची एचबीए१सी १.५ ने उतरली, आणि दुसऱ्याची १.३ ने. फरक जवळपास नाहीच. ज्यांची साखर फार वाढलेली असते अशांनाच निवडले की पुढच्या मोजणीत ती काहीशी खाली येतेच, उपचार बदललेले असोत वा नसोत. तुलनागट नसेल तर ही आपोआप झालेली घटही उपक्रमाच्या खात्यावर जमा होते.

म्हणून छोट्या दवाखान्याने ‘आमच्या चिठ्ठीने मधुमेह आटोक्यात आला’ असे अहवालात लिहू नये. जे नक्की मोजता येते ते मोजावे : किती चिठ्ठ्या दिल्या, किती वटल्या, पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात त्या दोन प्रश्नांची उत्तरे काय आली, किती जण पुढच्या तपासणीला आले. रक्तदाब आणि एचबीए१सी यांची नोंद ठेवावीच, पण तिच्यासोबत प्रतीक्षा यादीवरील रुग्णांचे त्याच काळातले आकडे द्यावेत. जागा मर्यादित असतील तर सोडत काढून नंबर लावणे न्याय्यही ठरते आणि तुलनागटही आयता मिळतो.

मुदत संपताना

सहाव्या महिन्यात कार्ड अचानक बंद पडणे हा रुग्णाचा विश्वास घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी, चौथ्या महिन्यात आठवण द्यावी, आणि त्याच वेळी रुग्णाला लागू होणाऱ्या कायमस्वरूपी योजनांचे अर्ज बसून भरून घ्यावेत. जमल्यास रक्कम टप्प्याटप्प्याने उतरवावी. शेवटच्या भेटीत ज्यांची उत्तरे अजूनही ‘बरेचदा’ अशीच येतात, त्यांची मुदत वाढवण्यासाठी एकूण निधीचा काही भाग आधीपासून बाजूला ठेवलेला असावा. न वटलेल्या कुपनांची तारीख उलटली की ती रद्द करावीत, उरलेल्या रकमेचा हिशेब निधी देणाऱ्याला कळवावा, आणि विक्रेत्यांची सगळी बिले चुकती झाल्याशिवाय पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू करू नये.